चार ओहमवरची वायर

इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते, खरं सांगायचं तर, हसायला. वळणावरची बाई, मागच्या सीटवरचा पाहुणा... वाचते, नवऱ्याला वाचून दाखवते आणि दोघं मिळून खुसखुसतो. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय याने मला ओशाळल्यासारखं होतंय. देव मी मानते, पण तेही सणासुदीपुरतं. बाकी माझा विश्वास मीटरवर. सोलापुरात एका खाजगी तंत्रशाळेत मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि पहिल्या तासालाच पोरांना सांगते — डोळा फसेल, कान फसेल, मीटर लावा. आता माझी गोची अशी की मला जे सांगायचंय ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, कानांनी ऐकलेलंही नाही. ते मीटरनेच दाखवलंय.

आमचं घर शहराच्या पूर्व भागात आहे. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि उजव्या हाताला एक आतली खोली. या आतल्या खोलीची मागची भिंत आणि शेजारच्या यंत्रमाग कारखान्याची भिंत एकच. सकाळपासून खडखड चालू. आम्हाला ती आता जाणवत नाही, उलट लाइट गेली आणि माग थांबले की आम्ही दचकतो.

माझे सासरे, अण्णा, मूळचे वळसंगचे. आयुष्य इथल्या एका गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात गेलं. माणूस अबोल, पण हात भलते बोलके. त्यांनी तरुणपणी स्वतः एक व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या दिव्यांचा, ॲम्प्लिफायर बांधला होता — ते त्याला ‘मशिन’ म्हणायचे — आणि सागवानी खोक्यात बसवलेले दोन स्पीकर, म्हणजे आमच्या भाषेत ‘बॉक्स’. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सोफा नव्हता, पण हे होतं. पुढे मशिनला मोबाइल जोडायची पिन मी बसवून दिली, आणि तेव्हापासून माझी या घरातली किंमत वाढली असं माझं मत आहे.

आता थोडं शास्त्र सांगणं भाग आहे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कंटाळू नका. अशा जुन्या ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे बॉक्स जोडायला वेगवेगळी टोकं असतात — चार ओहम, आठ ओहम, सोळा ओहम. जसा बॉक्स तसं टोक निवडायचं. झाकण पातेल्याच्या मापाचं लागतं, तसंच. अण्णांचे दोन्ही बॉक्स आठ ओहमचे. एकच बॉक्स लावला तर वायर आठवर. पण दोन्ही बॉक्स शेजारी शेजारी एकाच जागी जोडले तर मिळून भरतात चार, म्हणून वायर चारवर. एवढंच. आणि दुसरं म्हणजे, व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बॉक्स न जोडता कधीही चालू करायचा नाही. आवाज जायला वाट नसली की आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. अण्णांनी घरात नियमच केला होता — “बॉक्स न लावता मशिनला हात लावायचा न्हाय.” चपला घालून देवघरात जायचं नाही, त्याच सुरात.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि त्यांना आतल्या खोलीत ठेवावं लागलं. बोलणं गेलं होतं. समज मात्र पूर्ण. बैठकीत गाणं लावलं की मागांच्या खडखडाटात त्यांना ते ऐकू यायचं नाही, म्हणून अण्णांनी चौकटीवर भोक पाडून दुसरी वायर आत नेली आणि एक बॉक्स त्यांच्या उशाशी ठेवला. एक बाहेर, एक आत. वायर चारवर. रोज दुपारी चहाच्या वेळी अण्णा बैठकीत मशिनजवळ बसून गाणी लावायचे आणि दाराकडे तोंड करून विचारायचे, “आवाज कमी करू का?” आतून सासूबाई फुलपात्र खाटेच्या दांडीवर वाजवायच्या. एकदा वाजलं की हो. नाहीच वाजलं की असू दे. मला दोघांचा हा संसार फार आवडायचा. आम्ही दोघं बोलता येत असूनही इतकं बोलत नाही.

सासूबाई गेल्या. दिवस झाले. माझी नणंद बार्शीला असते, ती आईची आठवण म्हणून आतला बॉक्स घेऊन गेली. आतल्या खोलीत खाट राहिली आणि चौकटीवरून खाली लोंबणारी वायरीची दोन उघडी टोकं.

अण्णा दुपारी गाणी लावत राहिले. आणि दाराकडे तोंड करून विचारतही राहिले — आवाज कमी करू का?

सुरुवातीला आम्ही दुर्लक्ष केलं. सवय आहे, जाईल हळूहळू... पण गेली नाही. आतल्या खोलीत कपाट ठेवायचं निघालं तर अण्णा आडवे आले. पाहुण्यांसमोर एकदा त्यांनी असंच विचारलं, जरा थांबले, मग मान हलवून आवाज कमी केला. पाहुणे चहा तसाच ठेवून आमच्याकडे बघायला लागले. माझा नवरा सुधीर त्या दिवशी लाल झाला. मनातून घाबरला होता, हे मला माहीत आहे. घाबरला की तो चिडतो.

एक दिवस अण्णा फिरायला गेलेले असताना मशिनवरची धूळ पुसायला मी मागची बाजू वळवली आणि बघते तर वायर अजून चारवरच. घरात बॉक्स एकच, म्हणजे आठवर हवी. मी ती काढून आठवर लावली. शिकवायचा धंदा ना, चुकीची जोडणी दिसली की हात शिवशिवतात. दुपारी अण्णांनी गाणं लावलं, तर आवाज फाटका. थोड्या वेळात ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघितला तर चटका बसावा इतका गरम. जास्तीचा लोड पडला, म्हणजे आठवर दोन बॉक्स लावले, की होतं तसं. मी चक्रावले. अण्णांनी शांतपणे मशिन बंद केलं, मागे हात घालून वायर चारवर नेली आणि पुन्हा चालू केलं. आवाज गोल, नेहमीसारखा.

“अण्णा, पण बॉक्स तर एकच आहे,” मी म्हटलं.

“भाइर एक हाय,” ते म्हणाले. “आत ती ऐकतीय की.”

मी हे सुधीरला सांगायला नको होतं. त्याने गरम ट्रान्सफॉर्मरचं काही ऐकलं नाही, फक्त ‘आत ती ऐकतीय’ एवढं ऐकलं. त्याच आठवड्यात त्याने पुण्याला मोठ्या दिरांशी बोलून ठरवून टाकलं — अण्णांना तिकडे न्यायचं, ते मशिन बांधून माळ्यावर टाकायचं, खोली रंगवून घ्यायची. जागा बदलली की डोकं ठिकाणावर येईल. तो बापाच्या वाईटावर नव्हता हो. पण पुण्याच्या चौथ्या मजल्यावर दार लावून बसलेले अण्णा माझ्या डोळ्यांसमोर आले आणि मला कळलं की हा माणूस तिथे टिकणार नाही. दोन महिनेही नाही.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बोट करून मुलाला म्हणाले, “माजं ऐकू नगंस. हिला मीटर लावाय सांग. मीटर न्हाय म्हणला तर गप पुण्याला जातो.”

सुधीर खूश. मी मात्र अस्वस्थ. कारण उत्तर मला माहीत होतं, आणि ते उत्तर माझ्याच हातून अण्णांच्या तोंडावर मारायचं होतं. रविवारी दुपारी तिघं बैठकीत बसलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मशिन बंद केलं, दोन्ही वायरी मशिनपासून सोडवल्या. बैठकीतल्या बॉक्सच्या वायरीला मीटर लावला — सहा. बरोबर. आठ ओहमचा बॉक्स साध्या मीटरवर सहाच्या आसपासच दिसतो. मग आतल्या खोलीची वायर घेतली. जिच्या दुसऱ्या टोकाला काहीही नाही ती वायर. मीटरने काहीच दाखवायला नको होतं.

मीटरने सहा दाखवलं.

मला वाटलं मी तीच वायर पुन्हा धरलीय. नाही. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून बघितल्या, मीटर बरोबर. पुन्हा लावला, सहा. मी उठून आत गेले. वायरीची दोन टोकं खाटेच्या डोक्याशी लोंबत होती, एकमेकांपासून वीतभर लांब. मी तिथूनच मीटर लावला — काही नाही, वायर मोकळी. बाहेर येऊन बाहेरच्या टोकाला लावला... सहा. आत काही नाही, बाहेर सहा. मी आत-बाहेर किती चकरा मारल्या कोण जाणे. सुधीर आधी हसत होता, मग “अगं काय चाललंय?” म्हणाला.

“ओल असंल भिंतीत,” शेवटी तो म्हणाला.

ओल! सोलापुरात, मे महिन्यात! आणि ओल असली तर मीटर हजारोंत दाखवतो आणि आकडा नाचत राहतो. शॉर्ट असेल तर शून्य दाखवतो. हा सहावर असा बसला होता की जणू कुणी तिथे बॉक्स जोडून ठेवलाय. तरीही मी बाजारातून नवी कोरी वायर आणली, जुनी ओढून काढली, नवी भिंतीला न टेकवता दोरीवरून आत नेली. सहा. शेजारच्या कारखान्यातले माग लाइट गेल्याने बंद पडले होते, तेव्हाही बघितलं. सहाच.

अण्णा या सगळ्या वेळात खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. आनंद वगैरे काही नाही. थोडी कीव आल्यासारखे. “ऱ्हाऊ दे पोरी,” म्हणाले, “चा टाक.”

पुण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. सुधीरने दिरांना फोन करून काय सांगितलं ते मी विचारलं नाही. तो त्यानंतर दुपारी घरात थांबेनासाच झाला. आणि मी? मी एक महिना त्या खोलीत पाय ठेवला नाही. लोकांना वाटतं की गेलेलं आपलं माणूस जवळ आहे हे कळलं की बरं वाटतं. मला अजिबात बरं वाटलं नाही. ज्यांना मी भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली, त्या सासूबाई मला नको होत्या असं नाही... पण त्या अजून तिथेच खाटेवर पडून आहेत का, अजून हलता येत नाही का त्यांना, हा विचार मला स्वयंपाक करताना यायचा. गेल्यावर तरी उठायला नको का माणसाने?

पुढच्या हिवाळ्यात अण्णांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. त्यांनी हट्ट धरला तो आतल्याच खोलीचा आणि त्याच खाटेचा. पडल्यावर दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “बॉक्स हितं आण. माज्या उशाशी.”

मी बैठकीतला बॉक्स उचलून आत आणला, आतल्या वायरीला जोडला. आता आत बॉक्स, आणि बैठकीत नुसती उघडी टोकं. सगळं उलटं झालं होतं. बाहेर येऊन मी वायरी आठवर लावायला घेतल्या तर आतून आवाज आला, “चारवरच लाव.”

“अण्णा, अहो बॉक्स तुमच्याजवळ आहे ना? बैठकीत काहीच नाही आता.”

“मीटर लावून बग की.”

दुपारची वेळ होती. मी एकटी बैठकीत उभी होते, अण्णांची रिकामी खुर्ची माझ्यासमोर. मीटर आणला. बैठकीतल्या वायरीचं मशिनकडचं टोक धरलं, मीटर लावला. दुसरं टोक अण्णांच्या खुर्चीजवळ फरशीवर पडलेलं मला तिथून दिसत होतं — कशालाही न जोडलेलं.

सहा.

मी आत गेले. अण्णांनी माझा चेहरा बघितला आणि हसले. आजारपणात पहिल्यांदा इतके मोकळे हसले. “उटली बग ती,” म्हणाले. “आता ती भाइर बसंल, मी आयकतो.”

मी खाटेच्या कडेवर बसून रडले. सासूबाई एकदाच्या उठल्या म्हणून रडले की घाबरून रडले, मला सांगता येणार नाही. अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग मी उठून वायरी चारवर लावल्या आणि गाणं सुरू केलं. आवाज गोल. त्या खुर्चीत मात्र मी पुन्हा कधी बसले नाही, आणि कुणाला बसूही दिलं नाही.

अण्णा एका दुपारी गाणं चालू असतानाच गेले. मी जवळ होते. त्यांच्या बोटांत फुलपात्र होतं, पाणी पाजायला मी दिलेलं. ते खाटेच्या दांडीला एकदा लागलं. हात पडताना लागलं असेल. मी मात्र उठून आवाज कमी करून आले.

तेराव्यानंतर नणंद बार्शीला जाताना दुसराही बॉक्स घेऊन गेली. “जोडीचा आहे, एकत्र राहू दे,” म्हणाली. त्यात काही गैर नव्हतं. मशिन कुणालाच नको होतं, ते जागेवरच राहिलं. वायरी मी गुंडाळून ठेवीन म्हणत राहिले. ठेवल्या नाहीत. मीटर तंत्रशाळेतल्या कपाटात नेऊन ठेवला, आणि का नेला ते सुधीरने विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवारी दुपारी मी मंडईतून भाजी घेऊन आले. दार नुसतं लोटलेलं. आत पाय टाकला आणि बैठकीत मशिनचे व्हॉल्व्ह लाल-केशरी पेटलेले दिसले. मोबाइल पिनेला जोडलेला, पडद्यावर गाणं पुढे सरकतंय. घरात आवाज फक्त शेजारच्या मागांचा. सुधीर मशिनजवळ स्टूल घेऊन बसला होता, अण्णांची खुर्ची मोकळी ठेवून. बाजूला एक नवा मीटर. कधी विकत आणला होता कोण जाणे.

मी पिशवी टाकून ओरडले, “अहो, वेड लागलंय का? घरात एक बॉक्स नाही! ट्रान्सफॉर्मर जळेल ना!” आणि बटणाकडे धावले.

त्याने माझा हात धरला. “चारवर लावलंय,” म्हणाला.

“बॉक्स कुठंय पण?”

त्याने मीटर उचलून माझ्यापुढे धरला — हवं तर तूच लाव, अशा अर्थाने. मी तो हातात घेतला नाही. ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवला. बॉक्स न लावता इतका वेळ चालवल्यावर तो करपायला हवा होता, वास यायला हवा होता. कोमट होता. अण्णा असताना असायचा तेवढाच.

मग माझ्या नवऱ्याने — ज्याने याच एका प्रश्नापायी बापाला पुण्याला पाठवायचं ठरवलं होतं — आतल्या खोलीच्या दाराकडे तोंड वळवलं आणि अगदी सहज, घसा न खाकरता विचारलं, “आई, अण्णा... आवाज कमी करू का?”

काहीही वाजलं नाही. त्याने थोडा वेळ वाट बघितली आणि आवाज होता तसाच राहू दिला.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी तो मशिन लावतो. घरात बॉक्स नाही आणि आम्ही आणलाही नाही. मी माझ्या परीने खूप डोकं चालवलं. दोन जाणकारांना नाव न सांगता विचारलं, त्यांनी मलाच मूलभूत धडे दिले. तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर जरूर लिहा, पण ओल आणि जुनी वायर सोडून काहीतरी सांगा, तेवढं मी बघितलंय. मीटर मी अजून लावलेला नाही. सुधीरने काय आकडा पाहिला तेही विचारलं नाही. चहाचा ट्रे घेऊन जाताना ट्रान्सफॉर्मरवर हात तेवढा ठेवून बघते. दर वेळी कोमट असतो. त्याने मला हायसं वाटतं की भीती वाटते, ते अजून मला कळलेलं नाही.